हेल्काच्या मोरीतली चिलटं

हेल्का सालोवारा ही नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हती. कुओपिओच्या डेअरीत तिनं धुलाई विभागात उभी नोकरी काढली आणि शेवटची काही वर्षं तिथली मुकादम म्हणून मिरवली. दुधाच्या टाक्या, नळ्या, झडपा, सगळं तिच्या बोटाखालून जायचं. डोळ्यांवर तिचा भरवसाच नव्हता. "डोळ्याला चकचकीत आणि बोटाला बुळबुळीत, म्हणजे घाणच," असं म्हणून ती धुतलेली नळी पुन्हा धुवायला लावायची. पोरी पाठीमागे तिला 'बोट' म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. निवृत्तीच्या दिवशी याच पोरींनी नळ्या घासायचा लांब दांड्याचा ब्रश लाल रिबीन बांधून तिच्या हातात दिला. लोक अशा वेळी घड्याळ देतात. हेल्कानं तो ब्रश स्वयंपाकघरात टांगला, जिथं बाकीच्या बायका नातवंडांचे फोटो लावतात.

तर अशा या बाईच्या न्हाणीघरात, पंचाहत्तरी उलटल्यावर, चिलटं झाली.

बारीक, राखाडी, अंगावर लव असलेली. उडायची कमी, बसायचीच जास्त. पांढऱ्या टाइलांवर पंख पसरून अशी बसून राहायची, की चष्मा नसला तर कुणी मिरपूड भुरभुरलीय असं वाटावं. चापट मारली की चिलट नाहीसं व्हायचं आणि टाइलवर राखेचा फराटा उमटायचा. पहिल्या दिवशी हेल्कानं दिसतील तेवढी मारली, फराटे पुसले आणि विषय संपला असं समजली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर तितकीच हजर. मग तिनं मोरीत व्हिनेगर ओतलं, सोडा टाकला, वर कढत पाणी सोडलं. मग दुकानातून कवटीचं चित्र असलेली एक महागडी बाटली आणली. त्या बाटलीनं हेल्काच्याच डोळ्यांतून पाणी काढलं. चिलटं दोन दिवस गप्प राहिली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यांची सभा भरली.

स्वच्छ माणसाच्या घरात घाण निघाली की शेजाऱ्यांना जो आनंद होतो तो लॉटरी लागून होत नसेल. समोरच्या दारातली एस्तेरी रोज सकाळी कॉफीला यायची. तिनं बाजारात वर्तमानपत्रांची आणि गोळ्या-चॉकलेटांची टपरी चालवण्यात जन्म घालवला होता, त्यामुळे बातमी कशी खपवायची हे तिला शिकवावं लागत नव्हतं. हात धुवायला म्हणून ती आत गेली आणि बाहेर आली ती गालातल्या गालात हसत.

"काय गं हेल्का, पाळलीस का?"

"काय पाळलं?"

"नाही, म्हटलं मांजर नको म्हणालीस, तेव्हा असं काहीतरी छोटं, कमी खाणारं..."

"कॉफी पी गुमान," हेल्का म्हणाली. "आणि जिन्यात कुणाला बोललीस तर वेलदोड्याचा पाव बंद."

एस्तेरी बोललीच. दोन दिवसांत चारही मजल्यांना कळलं. कुणी सांगे बशीत बोरांचा रस आणि साबण ठेव, कुणी सांगे लसूण टांग. हेल्कानं बशीही ठेवून पाहिली. रस वाळून गेला, चिलटं तिकडं फिरकलीही नाहीत. त्यांना फळाशी काही घेणंच नव्हतं.

शेजाऱ्यांचं हेल्कानं मनावर घेतलं नसतं. पण मातृदिनाला एस्पोहून वीर्पी आली. वीर्पी ही तिची एकुलती एक मुलगी, बापासारखी उंच आणि आईसारखी हट्टी. फुलं दिली, केक कापला, हात धुवायला गेली, आणि परतली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की हेल्काला पुढचं सगळं न बोलताच कळलं. वीर्पीनं पर्समधून एक गुळगुळीत रंगीत पत्रक काढलं आणि केकच्या ताटलीशेजारी ठेवलं. एस्पोमध्ये तिच्या घराजवळच म्हाताऱ्या माणसांसाठी देखरेखीची घरं होती. दोरी ओढली की नर्स येते. जेवण खाली, सगळ्यांबरोबर. वरच्या फोटोत एक आजी कुंडीकडे पाहून उगाचच हसत होती.

"हे तू आज आणलंस की नेहमी जवळ बाळगतेस?" हेल्कानं विचारलं.

"आई, तू चिडू नकोस. बाबा गेल्यापासून मी बघतेय. आधी तू शनिवारची सौनातली वाफ सोडलीस. मग तळ्यावर गालिचे धुवायला जायचं सोडलंस. आता हे. तुझ्या घरात चिलटं! तुझ्या! मला रात्री झोप लागत नाही गं. चार तासांवर राहते मी. तुला काही झालं तर मला कळणार कधी?"

वीर्पीच्या आवाजात कावा नव्हता, भीती होती. हेल्काला तेच जास्त लागलं. कावा असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

"चिलटं झाली म्हणून माणूस म्हातारं होत नाही," ती म्हणाली.

"तूच डेअरीत सांगायचीस ना, एका नळीत बुळबुळ सापडली की सगळी धुलाई हातातून सुटलीय समजा म्हणून?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग हेल्कानं केकचा शेवटचा तुकडा उचलला.

"युहान्नुसला ये. सणाला तुला माझ्या घरात एक जरी चिलट दिसलं, तर मी सामान बांधते. नाही दिसलं, तर हा कागद माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही."

"खरं?"

"मी कधी खोटं बोललेय?"

वीर्पी गेल्यावर ती न्हाणीत जाऊन उभी राहिली. तोंडातून शब्द गेला होता आणि घर पणाला लागलं होतं. या घरात ती आणि तिचा नवरा ताउनो इमारत उभी राहिल्यापासून राहिले होते. खिडकीतून तळं दिसायचं. उन्हाळ्याच्या मध्याचा तो सण सहा आठवड्यांवर आला होता, आणि भिंतीवर मिरपूड तशीच होती.

दुसऱ्या दिवशी ती डेअरीतल्या पद्धतीनं कामाला लागली. माश्या मारत बसू नये, नळी शोधावी. प्रत्येक मोरीच्या तोंडावर तिनं चिकटपट्टी लावली, चिकट बाजू खाली, कडेनं थोडी फट ठेवून. स्वयंपाकघरातल्या सिंकला, बेसिनला, न्हाणीच्या जाळीला. ज्या मोरीतून चिलटं निघत असतील तिथली पट्टी ती पकडून देणार, हे उघड होतं. सकाळी एस्तेरी कॉफीच्या आधीच निकाल ऐकायला हजर. दोघींनी मिळून पट्ट्या उचकटल्या. तिन्ही कोऱ्या.

"मग येतात कुठून?" एस्तेरी म्हणाली. "आभाळातून पडतात?"

हेल्का न्हाणीच्या स्टुलावर बसून समोर बघत राहिली. समोर सौनाचं दार होतं. आमच्याकडच्या फ्लॅटांत न्हाणीघराला लागूनच वाफ घ्यायची ती लाकडी बाकांची कोंदट खोली असते. दाराला खाली फट ठेवतात, आत तापलेल्या माणसाला हवा मिळावी म्हणून. त्या फटीतून एक चिलट बाहेर आलं, दारावर चार पावलं चढलं आणि पंख पसरून बसलं.

एस्तेरीनंही ते पाहिलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" ती म्हणाली. "अगं, तिथंही मोरी असेल ना?"

असणारच. बाकाखाली छोटीशी मोरी, तिची नळी फरशीखालून न्हाणीच्या मोरीला जोडलेली. हेल्काला ती ठाऊक नव्हती असं नाही. खरं सांगायचं तर त्या दारावर चिलटं सगळ्यांत जास्त बसतात हेही तिला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. रोज ती दार पुसायची आणि रोज मान दुसरीकडे वळवायची.

सौना वापरात नसला की त्याची अडगळीची खोली होते. हे आमच्यातल्या निम्म्या घरांत होतं आणि कुणी कबूल करत नाही. हेल्काच्या सौनात मात्र अडगळ नव्हती, ताउनो होता. ताउनोच्या बर्फावरच्या पट्ट्या म्हणजे स्की, नमद्याचे बूट, मासे धरायचं जाळं, गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं गिरमिट, त्याचा जाड कोट. अंत्यविधी झाल्यावर तिनं एकेक वस्तू उचलून आत रचली, छतापर्यंत, आणि चुकून कुणी बटण दाबून सगळं पेटवू नये म्हणून दगड तापवणाऱ्या विजेच्या शेगडीचा फ्यूज काढून साखरेच्या भांड्यात टाकला. दोन वर्षं ते दार उघडलं नव्हतं.

"उघड," एस्तेरी म्हणाली.

"तिथं ताउनो आहे."

"ताउनो स्मशानात आहे, हेल्का. मी होते तिथं, तुझ्या शेजारी उभी. तू माझा रुमाल भिजवलास आणि अजून परत केला नाहीस."

"वस्तू कुठं ठेवू त्याच्या?"

"तळघरात. प्रत्येकाला जाळीची खोली दिलीय ती कशाला?"

"त्याला मी तळघरात टाकू?" हेल्का उसळून म्हणाली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली, आणि तेही चिलटांपायी, याचा तिला भयंकर राग आला. रडणाऱ्या माणसाला समजावत बसायचं नसतं, हे एस्तेरी जाणत होती. टपरीवर उभं राहून माणूस तेवढं शिकतो. तिनं कॉफी ओतली, कप हेल्काच्या हातात दिला आणि स्वतः बाह्या सरसावल्या.

दार उघडलं तसा आतून राखाडी भपकारा बाहेर आला. दोघी ओरडल्या. एस्तेरीच्या पांढऱ्या केसांत चिलटं शिरली आणि तिनं अशा शिव्या दिल्या की टपरीवरची गिऱ्हाइकंसुद्धा लाजली असती. पण आता मागं फिरायचं नव्हतं. स्की निघाल्या, बूट निघाले, जाळं निघालं. कोट काढताना हेल्कानं त्याची बाही क्षणभर गालाला लावली आणि तो एस्तेरीच्या हातात दिला. एस्तेरी खाली-वर करत राहिली. सरतेशेवटी बाकाखालची फरशी दिसली, आणि फरशीत ती जाळी.

हेल्का गुडघ्यांवर बसली, जाळी उचलली आणि आत बोट फिरवलं.

बुळबुळीत.

आधी तिला शरम वाटली, कानापर्यंत. आणि शरमेच्या पाठोपाठ असा आनंद उसळला की ती मोठ्यानं ओरडली, "सापडली! एस्तेरी, नळी सापडली!"

आत काय होतं ते बोटालाच आधी कळलं. पानं. भूर्जाची पानं. सौनात भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी पाण्यात बुडवून अंगावर मारतात, पानं गळतात, आणि नंतर ती झाडून काढायची असतात. शेवटच्या शनिवारी ताउनोला वरच्या बाकावर चढवत नव्हतं. तो खाली बसला, तिनं त्याची पाठ जुडीनं हळूहळू झोडपली आणि तो म्हणाला, "जोरात मार की, मेलो नाही अजून." त्या दिवशी पानं झाडायची राहिली. बादलीभर पाणी ओतून ती बाहेर आली. सोमवारी त्याला दवाखान्यात नेलं, आणि नंतर पानं कोण झाडतंय. न्हाणीतलं पाणी रोज थोडं थोडं उलटं या नळीत शिरत राहिलं, पानांवर साबण, साबणावर केस, असे थर बसत गेले. चिलटांना याहून चांगलं घर कुठं मिळणार होतं?

आता प्रश्न हा, की एवढ्या खोलातून ते काढायचं कशानं. हेल्कानं आजूबाजूला पाहिलं आणि तिला ताउनोची पळी दिसली. बर्फात पाडलेल्या भोकातून बर्फाचा चुरा काढायची लांब दांड्याची, भोकाभोकांची पळी. ताउनोचं गिरमिट अरुंद होतं, म्हणून त्यानं पळीची कड ठोकून ठोकून लहान केली होती. ती मोरीत अशी उतरली की जशी तिच्यासाठीच घडवली होती. शेजारीच त्याचं तीन पायांचं घडीचं स्टूल होतं. हेल्कानं ते उघडलं, मोरीच्या भोकाशी मांडलं आणि पाय फाकवून, पाठ वाकवून बसली. ताउनो चाळीस हिवाळे तळ्यावर नेमका असाच बसायचा, आणि ती चाळीस हिवाळे त्याला म्हणायची, "एका भोकाकडं एवढं बघण्यासारखं असतं तरी काय?"

एस्तेरी दारात आली. तिनं ते ध्यान पाहिलं, आणि तळ्यावर मासे धरणाऱ्याला जे विचारायचं असतं तेच विचारलं.

"काही लागतंय का गळाला?"

हेल्कानं वर न बघता ताउनोचं ठरलेलं उत्तर दिलं. "सकाळपासून नुसतं आमिष टोचून पळतायत."

आणि दोघी म्हाताऱ्या हसत सुटल्या. एस्तेरीला दाराची चौकट धरावी लागली, हेल्काचं स्टूल घसरलं. हसता हसता पळी वर येत होती, काळा चिखल बादलीत पडत होता, पुन्हा खाली जात होती. पळी पोचेना तिथं हेल्का उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरचा ब्रश काढून आणला. लाल रिबीन सोडून तिनं एप्रनच्या खिशात घातली. मग ती नळी तिनं अशी घासली, जशी उद्या त्यातून सगळ्या प्रांताचं दूध जाणार आहे. पाइनचा डांबरी वासाचा साबण, गरम पाणी, ब्रश. पुन्हा साबण, पुन्हा पाणी. न्हाणीच्या मोरीची जाळी आणि तिच्या आतला वास अडवणारा पेलाही तिनं सोडला नाही. शेवटी बोट फिरवलं. धुतलेल्या काचेवर वाजावं तसं करकर वाजलं.

"आता चिलटं काय करतील?" एस्तेरीनं विचारलं.

"उरलीत ती आपल्या मरणानं मरतील. पोरं घालायला जागाच ठेवली नाही मी त्यांना," हेल्का म्हणाली. ते बोलणं जरा निष्ठुरच होतं, पण हक्काचं होतं.

संध्याकाळी ती तळघरात जाऊन आली. जाळीची खोली कोरडी होती. स्की भिंतीला नीट उभ्या, बूट शेजारी-शेजारी, कोट खिळ्याला. सौनातल्या ओलीपेक्षा इथं त्यांचं बरंच बरं होतं. हे आधी का सुचलं नाही म्हणून ती स्वतःवर थोडी चिडली. पळी आणि स्टूल मात्र तिनं वर ठेवून घेतलं. मग साखरेच्या भांड्यातून फ्यूज काढला, पुसला आणि जागच्या जागी बसवला.

भिंतीवरची मिरपूड विरळ होत गेली. सौनाच्या मोरीवर लावलेली चिकटपट्टी कोरी निघाली, दुसरीही कोरी निघाली. हेल्का शनिवारी सौना तापवू लागली, आणि जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला एस्तेरी आता ही बातमीही विकू लागली. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आपल्या न्हाणीतल्या मोरीबद्दल हळूच विचारायला आले. हेल्कानं त्यांना ताटकळत ठेवलं नाही, पण आधी त्यांच्याकडून पाव मात्र मागवला.

युहान्नुसच्या आदल्या दिवशी वीर्पी आली. इमारतीच्या दाराशी दोन्ही बाजूंना सणाची म्हणून भूर्जाची झाडं बांधली होती. एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात खाऊची टोपली, आणि पर्समधून ते पत्रक डोकावत होतं. कॉफी न घेता ती चष्मा लावून थेट न्हाणीत गेली. टाइल पाहिल्या, बेसिनखाली पाहिलं, पडदा झटकला. एस्तेरी मुद्दाम साखर मागायला आली होती आणि साखर घेऊनही जात नव्हती.

वीर्पी स्वयंपाकघरात परतली. तोंड उघडणार, तोच टेबलावरून काहीतरी बारीक उडालं आणि तिच्या नाकासमोरून गेलं.

"आई!"

एस्तेरीनं डोळे मिटले. चिलट दोन गिरक्या घेऊन टेबलावर बसलं. वीर्पीचे डोळे भरून आले. तिला जिंकायचं नव्हतंच, हे तेव्हा तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

हेल्का मात्र शांतपणे वाकली, चष्मा खाली ओढून तिनं त्या जिवाकडे निरखून पाहिलं. मग मुलीच्या पर्समधून पत्रक काढलं, गुंडाळलं आणि एका फटक्यात ते चिलट गारद केलं.

"बघ," ती म्हणाली. "लाल डोळे. अंगावर लव नाही. राखही सांडली नाही. ही फळावरची. माझी वेगळी होती. टोपलीत काय आणलंयस?"

"केळी," वीर्पी पुटपुटली. "आणि... घरची. जरा पिकलीच होती."

"एस्पोची!" हेल्का गर्जली. "एस्पोची चिलटं माझ्या घरात! एस्तेरी, साक्षीदार तू. सांग हिला, कुणी कुणाच्या देखरेखीखाली राहायचं ते. यायला हवं मला, तुझं स्वयंपाकघर बघायला यायलाच हवं!"

एस्तेरी साखरेसकट खुर्चीत बसली आणि पोट धरून हसली. वीर्पी आधी गोरीमोरी झाली, मग तीही हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं ते आलंच. हेल्कानं तिला जवळ घेतलं. पत्रक आता वाचण्यालायक राहिलं नव्हतं, ते तिनं पिकल्या केळ्यांसकट कचऱ्याच्या पिशवीत टाकलं.

"चल," ती म्हणाली. "दगड तापलेत."

सौनाचं दार उघडल्यावर वीर्पी उंबऱ्यातच थांबली. बाक रिकामे, पांढरे घासलेले. बादलीत ताजी जुडी भिजत होती आणि सगळ्या खोलीला भूर्जाचा वास सुटला होता. हेल्का पायऱ्या चढली आणि वरच्या बाकावर, शेगडीशेजारी, जिथून पाण्याच्या भांड्याला हात पोचतो तिथं बसली.

"आई, ती बाबांची जागा."

"होती," हेल्का म्हणाली. "इतकी वर्षं मी खाली बसले आणि तो पाणी टाकत राहिला. आता मी टाकणार."

तिनं ओगराळंभर पाणी दगडांवर फेकलं. दगड कडाडले, वाफ छताला भिडून दोघींच्या खांद्यांवर उतरली. तिनं दुसरं ओगराळं टाकलं. तिसऱ्याला वीर्पी तोंडावर हात धरून खालच्या बाकावर उतरली.

"काय गं, उतरलीस?" वरून आवाज आला. "आणि मला नर्सची दोरी दाखवत होतीस!"

"पुरे गं आई, मरते मी!"

"मरत नाही कुणी. पाठ कर इकडं."

तिनं मुलीची पाठ जुडीनं चांगली झोडपली. पानं गळत राहिली, बाकावर, फरशीवर, वीर्पीच्या ओल्या केसांत. बाहेर पडताना हेल्कानं कोपऱ्यातला खराटा उचलला आणि वीर्पीच्या हातात दिला.

"पानं झाडून घे. मोरीत एकसुद्धा जाता कामा नये."

वीर्पीनं मुकाट्यानं झाडलं. कोपऱ्यातली दोन राहिली होती, ती बोटांनी उचलली. मग कुणी न सांगता ती गुडघ्यांवर बसली, जाळी उचलली आणि कडेवरून बोट फिरवलं. करकर वाजलं.